प्रयोगशाळेचे दर्शन नको, प्रवेश हवा



वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराची गोष्ट आपल्याला शाळेपासून सांगितली जाते. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाज यांनी आपल्या कुटुंबाचे हे मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले, सनातन्यांचा रोष पत्करून केले. गोष्ट खरी आहे आणि बजाजांच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्याचे मला कारण नाही. पण गेली दोन वर्षे मला एक वेगळाच प्रश्न छळतो आहे. याच जिल्ह्यात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे दार आपल्या मुलांसाठी कोणत्या साली उघडले? कुणालाच तारीख सांगता येत नाही. फीत कापली गेली नाही, कुणी विरोध केला नाही, आपणही सत्याग्रह केला नाही. दार उघडेच आहे असे सगळे धरून चालले आहेत.

ते उघडे नाही हे मला ज्या दिवशी कळले, त्या दिवसाचे आधी सांगते. आमच्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. तिथली आठवी ते दहावीची सव्वीस मुले-मुली घेऊन मी एका नावाजलेल्या महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहायला गेले होते. पत्रव्यवहार करून, परवानगी काढून, वर्गणीतून गाडी करून. मुले पहाटे चारला उठली होती. एका मुलीने तर बहिणीच्या लग्नातला ड्रेस घातला होता. प्रयोगशाळेत गेल्यावर पहिली सूचना आली, कशालाही हात लावायचा नाही, काच फुटली तर भरून द्यावी लागेल. मुलांनी हात मागे बांधले. सरांनी एका शंकुपात्रात काहीतरी ओतले, द्रावण गुलाबी झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या अर्ध्या तासात कपाटातल्या बाटल्या बाहेरून पाहून झाल्या, बॅनर धरून फोटो झाला आणि आम्ही बाहेर आलो. परतताना नववीतला एक पोरगा म्हणाला, "ताई, हात नाई लावू द्याचा होता तं आनलं कायले?"

समाजशास्त्रात एम.ए. करताना शुद्धी-अशुद्धीच्या कल्पनेवर मी पानेच्या पाने लिहिली आहेत. त्या पोराला द्यायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.

त्या सरांच्या मनात जात होती असा आरोप मी करत नाही. काच महाग असते, आम्ल अंगावर उडाले तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो, प्रयोगशाळा साहाय्यकाची जागा वर्षानुवर्षे भरलेली नसते. हे सगळे मला मान्य आहे. पण ज्या समाजाला दोन हजार वर्षे 'हात लावू नको' हेच ऐकवले गेले, त्याच्या मुलांना विज्ञानाच्या दारातही पहिले वाक्य तेच ऐकू यावे, हा साधा योगायोग म्हणून मला सोडून देता येत नाही. देवळातही लांबून दर्शन होते. आमच्या मुलांना त्या दिवशी प्रयोगशाळेचे दर्शन मिळाले. गंमत म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे सांगणाऱ्या रसायनाला शाळेच्या पुस्तकात 'दर्शक' म्हणतात. आमची मुले मात्र वेगळ्या अर्थाने दर्शक होती.

स्पर्शाचा हा मुद्दा आपल्याकडे बाबासाहेबांच्या शाळेपासून येतो. साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यायचे, संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळा साफ करणारा नोकरही त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळ उघडायला शिपाई हवा. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे हलवायला वर्गातल्या मुलांची धावपळ झाली. बाबासाहेबांना त्या शाळेत गणित ऐकायला मनाई नव्हती, पाहायलाही नव्हती. अडचण सुरू झाली ती हात खडूपर्यंत जाण्याची वेळ आली तेव्हा. आता हे चित्र मनात ठेवून रसायनशास्त्राची प्रयोगशाळा पाहा. तिथे नळाला हात लावल्याशिवाय एकही प्रयोग होत नाही. एकच ब्युरेट चार जण वापरतात. एकाने धुतलेली परीक्षानळी दुसरा उचलतो. माझ्या मते शाळेतली ही सर्वांत जातिविरोधी खोली आहे, अर्थात तिचे कुलूप काढले तर.

रसायनशास्त्र बघून शिकायचा विषय नाही, हे युरोपलाही एकदम कळले नव्हते. प्राध्यापकाने प्रयोग करायचा आणि विद्यार्थ्यांनी बाकावर बसून पाहायचा, अशीच बहुतेक ठिकाणी रीत होती. 1824 साली युस्टुस फॉन लीबिग हा एकवीस वर्षांचा तरुण जर्मनीतल्या गीसेन या लहानशा गावी प्राध्यापक झाला आणि त्याने विद्यार्थ्यांनाच टेबलापाशी उभे केले. पदार्थ हातात द्यायचा आणि त्यात काय आहे ते शोधून काढ म्हणायचे. आधुनिक रसायनशास्त्राचे शिक्षण तिथून आकाराला आले. म्हणजे प्रयोगशाळा दाखवून मुले परत पाठवणे ही लीबिगच्या आधीची पद्धत झाली.

आपल्या देशात मात्र हात आणि डोके यांच्यात अंतर पडायला कारण वेगळे होते. ते कारण एका मोठ्या रसायनशास्त्रज्ञानेच लिहून ठेवले आहे, आणि तो आपल्या चळवळीतला नव्हता, म्हणून त्याची साक्ष जास्त मोलाची. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. भारतात एकेकाळी धातू, क्षार, रंग, औषधे यांचे इतके ज्ञान होते, मग विज्ञानाची वृत्ती का विझली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. उत्तर देताना त्यांनी जातिव्यवस्थेवर बोट ठेवले. सुश्रुताच्या परंपरेत शस्त्रक्रिया शिकणाऱ्याने प्रेताचे विच्छेदन करणे आवश्यक होते. मनूच्या काळी प्रेताचा स्पर्श विटाळ ठरला. कसबे खालच्या जातींकडे ढकलली गेली, बुद्धिजीवी वर्ग हाताच्या कामापासून दूर झाला, आणि 'हे कसे होते, का होते' हा प्रश्न विचारणारे कुणी कामाच्या जागी उरलेच नाही. राय यांनी वेदान्ताच्या मायावादालाही या ऱ्हासात जबाबदार धरले आहे.

राय यांच्या ग्रंथात आपल्या जवळचा आणखी एक धागा आहे. भारतीय रसविद्येच्या इतिहासात त्यांनी बौद्ध तंत्रग्रंथांना मोठे स्थान दिले आणि 'रसरत्नाकर' या नागार्जुनाच्या नावावर असलेल्या ग्रंथाची दखल घेतली. नागार्जुन म्हटले की विदर्भातल्या आपल्या लोकांना रामटेकची टेकडी आठवते आणि लगेच 'आमचा नागार्जुन जगातला पहिला केमिस्ट' असे संदेश फिरू लागतात. इथे सावध राहिलेले बरे. शून्यवाद मांडणारे आचार्य नागार्जुन आणि रसविद्येचे नागार्जुन हे एकच नव्हते, त्यांच्यात काही शतकांचे अंतर असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खोटा अभिमान ही ब्राह्मणी पुराणांची मक्तेदारी आहे, ती आपण उसनी घेऊ नये. खरे आहे तेवढेच पुरेसे आहे. बौद्ध परंपरेत रसायनांचे प्रयोग करणारे लोक होते आणि नंतर ही परंपरा तुटली.

तुटली, पण हात थांबले नाहीत. कातडे चुन्यात किती दिवस भिजवायचे, केस सुटल्यावर बाभळीची साल, तरवड, हिरडा यांच्या पाण्यात किती मुरवायचे, हे चर्मकाराच्या हाताला माहीत होते. ते रसायनशास्त्रच आहे. सालीतले टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला बांधते म्हणून कातडे कुजत नाही. हे सूत्र त्याला कुणी सांगितले नाही, आणि ज्यांना सूत्र ठाऊक होते ते कुंडाजवळ फिरकले नाहीत.

आणि इथे आपण वर्ध्याला येतो. डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. त्याच दशकात शहराला लागून असलेल्या नालवाडीत गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. सवर्ण माणसाने कातड्याच्या कुंडात हात घालणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती, ती मान्य केलीच पाहिजे. मग 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि जगभर तो 'वर्धा योजना' म्हणून ओळखला गेला. सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि केंद्रस्थानी एक उत्पादक हस्तोद्योग. मुलांनी केलेल्या मालातून शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा. या शेवटच्या मुद्द्यावर परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला होता.

नई तालीमवर टीका करताना आपले काही लेखक तिला सरसकट दलितविरोधी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. झाकीर हुसेन समितीच्या अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान होते, त्यात रसायनशास्त्राचाही समावेश होता. हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्या हे म्हणणे चुकीचे कसे असेल? पण हा धडा कुणाला हवा होता? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताला माती लागू दिली नाही, त्यांना. ज्याचा बाप पहाटेपासून कुंडात उभा आहे त्याच्या मुलाला तुम्ही टकली देता आणि सांगता की श्रमात मोठा आनंद आहे. त्याला आनंद नको होता, सूत्र हवे होते. आणि ज्यांना धडा हवा होता त्यांनी आपली मुले बुनियादी शाळेत घातलीच नाहीत. ती इंग्रजी शाळांतून विज्ञान महाविद्यालयात गेली. पुढे बुनियादी शाळा ओस पडल्या त्या याच कारणाने, असे माझे मत आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये हाच वाद त्याआधी चाळीस वर्षे झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत होते, आधी हाताचे धंदे शिका, प्रतिष्ठा मागून येईल. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1903 साली त्याला जाहीर विरोध केला आणि उच्च शिक्षणाचा आग्रह धरला. याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहिले, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण त्या गोष्टीत एक तिसरा माणूस आहे. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी संस्थेत 1896 साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. गुलामगिरीत जन्मलेला हा शास्त्रज्ञ. संस्थेत प्रयोगशाळेला सामान नव्हते. त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावरच्या बाटल्या, बरण्या, तारा गोळा केल्या आणि त्यातून उपकरणे केली. हात आणि सूत्र एकत्र आले ते तिथे. वर्ध्यात तसा कार्व्हर झाला नाही.

आता 1942 हे वर्ष बघा, आणि फक्त वर्धा-नागपूरच्या पट्ट्यात बघा. 14 जुलैला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला. त्यानंतर चारच दिवसांनी नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत अखिल भारतीय दलित वर्ग परिषद सुरू झाली आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा जन्म झाला. त्याच वर्षी नागपुरात लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली, कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी विद्यापीठाला ठेवलेल्या देणगीतून, मुख्यतः रसायन तंत्रज्ञान शिकवण्यासाठी. योगायोग असा की एक लक्ष्मीनारायण वर्ध्याचे देऊळ आणि दुसरे नागपूरची रसायनशाळा. पहिल्याचे दार आपल्याला उघडून मिळाले त्याचा इतिहास झाला. दुसऱ्याच्या दारापर्यंत पोचायला पैसा, बारावीचे गुण आणि त्याआधी शाळेतली परीक्षानळी लागते. त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही.

बाबासाहेबांना मात्र कोणते दार महत्त्वाचे ते ठाऊक होते. मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर फेब्रुवारी 1933 मध्ये काढलेल्या निवेदनातच त्यांनी म्हटले होते की आपल्या लोकांच्या उन्नतीचा खात्रीचा मार्ग उच्च शिक्षण, वरच्या नोकऱ्या आणि उपजीविकेची चांगली साधने हा आहे. 1942 च्या जुलैत ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि 29 ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन सरकारला दिले. तरुण कार्यकर्त्यांनी ते मुळातून वाचावे. त्यात शिक्षणाच्या भागात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की कला आणि कायदा या शाखांतले उच्च शिक्षण आपल्या लोकांच्या फारसे उपयोगी पडणार नाही, खरी मदत होईल ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या प्रगत शिक्षणाने. आणि हे शिक्षण आपल्या माणसाच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून ते सरकारने द्यावे. त्यांनी आकडेच मांडले. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला 2 लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी 1 लाख. स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ असलेला माणूस हे मागत होता. 1944 पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपण जिच्यासाठी दरवर्षी समाजकल्याणच्या कार्यालयाबाहेर उभे असतो, तिचे मूळ विज्ञानाच्या मागणीत आहे. हे आपण विसरलो आहोत.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या नावातच कला आणि विज्ञान दोन्ही होते. 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद उभे राहिले, पुढे त्याचे विज्ञान महाविद्यालय स्वतंत्र झाले. 1964 साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले, तिथेही विज्ञान शाखा आहे. विज्ञान शाखा चालवणे खर्चाचे काम असते, वर्गात खडू आणि फळा असला की भागते असे नाही. तरीही हा खर्च केला गेला.

मग शाळेत काय झाले? कोठारी आयोगाने (1964-66) पहिली दहा वर्षे विज्ञान सर्वांना सक्तीचे असावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना आले, ही मोठी गोष्ट झाली. पण विषय आला, प्रयोगशाळा आली नाही. आज दहावीला विज्ञानाच्या शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते कसे मिळतात हे आपण सगळे जाणतो. मी स्वतः शाळेत असताना जर्नल उतरवले. हुशार मुलीची वही घ्यायची, कृती, निरीक्षण, अनुमान उतरवायचे, आकृतीला पेन्सिल, बाकी निळी शाई. 'निरीक्षण' या मथळ्याखाली जे मी कधी निरीक्षिलेच नव्हते ते लिहून मला वीसपैकी अठरा गुण पडले. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहिणे हे पोथीचे शिक्षण आहे.

दुसरा मार्ग नव्हता असे कुणी म्हणू नये. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. एकेकाळी वर्धा आणि होशंगाबाद एकाच मध्यप्रांतात होते, म्हणजे फार दूरची गोष्ट नाही. सरकारी शाळांतल्या सहावी ते आठवीच्या मुलांनी स्वस्त साहित्याच्या संचातून स्वतः प्रयोग करायचे आणि त्यातून विज्ञान शिकायचे. परीक्षेत प्रयोगही असायचा. तीस वर्षे तो चालला, शेकडो शाळांत पसरला आणि 2002 मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1980 च्या सुमारास महापालिकेच्या शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले. केंद्राचे प्रा. व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांना दिसले ते असे, की मुलांच्या बुद्धीत खोट नाही. अडथळा पुस्तकी भाषेचा आणि अनुभवाच्या अभावाचा आहे. नियमित मार्गदर्शन मिळाल्यावर त्याच मुलांनी शालान्त परीक्षेत चांगली मजल मारली. 'आरक्षणवाल्यांची गुणवत्ता' या विषयावर ज्यांची जीभ सैल सुटते, त्यांच्यासमोर हे काम ठेवायला हवे. आपणच ते वाचलेले नसते.

आता सरकारच्या योजनांकडे येऊ. 9 जुलै 2015 रोजी राष्ट्रीय आविष्कार अभियान सुरू झाले. विद्यापीठे आणि मोठ्या संस्थांनी शाळांना हात द्यावा, हा त्यातला एक भाग. जुलै 2017 मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची 'जिज्ञासा' योजना आली. देशातल्या 38 राष्ट्रीय प्रयोगशाळा शाळांना जोडायच्या, वर्षाला एक लाख विद्यार्थी त्यांत आणायचे. कल्पना उत्तम. नागपूरची नीरी याच परिषदेची प्रयोगशाळा आहे. पण सुरुवात कुठल्या शाळांपासून झाली? 1151 केंद्रीय विद्यालयांपासून, म्हणजे केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांपासून. नंतर इतर शाळांनाही दार उघडले हे खरे, पण रांगेत पहिला नंबर कुणाचा लागतो हे यातून दिसते. जिल्हा परिषदेची शाळा आणि समाजकल्याणची निवासी शाळा नेहमी 'नंतर'मध्ये असतात.

कुणी म्हणेल, पोटापाण्याचे प्रश्न सोडून परीक्षानळीचे काय घेऊन बसलात? मग आपल्या आसपासचेच पाहू. 20 नोव्हेंबर 2018 रोजी पुलगावजवळ सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला. सहा माणसे गेली, त्यांत रोजंदारीवर काम करणारे गावातले लोक होते. 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले. डब्यावर लाल त्रिकोण असतो, त्याचा अर्थ अतिविषारी, हे फवारणाऱ्याला सांगितले होते का? किपच्या उपकरणात तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा घाण वास देतो असे पुस्तकात लिहिलेले असते. प्रमाण फार वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटते धोका टळला. गटारात उतरलेले कामगार असे मरतात. ते कोणत्या जातींचे असतात हे मी सांगायला नको. 2013 च्या कायद्याने हे काम करवून घ्यायला बंदी आहे. महाविद्यालयात हाच वायू धुरांड्याखाली, पंखा लावून, चिमूटभर तयार करतात. रसायने आपल्या लोकांच्या हातात आधीपासूनच आहेत, फक्त त्यांची ओळख करून दिलेली नाही.

आणि पाणी. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यालो. नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. आज दहावीच्या मुलालाही समजावे की शेण-गोमूत्राने पाण्यातले नायट्रेट वाढते. आणि हा फक्त विनोदाचा विषय राहिलेला नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा देशातल्या पंधरा जिल्ह्यांत वर्ध्याचे नाव आहे, सोबत अमरावती, यवतमाळ, बुलढाणाही आहेत. खत, गुरांचे शेण, शौचालयाच्या खड्ड्यांतून झिरपणारे पाणी ही त्याची कारणे. लिटरमागे 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका, रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, बाळ निळे पडते. आपल्या वस्तीच्या विहिरीत नायट्रेट किती, हे आपल्याला कोण सांगणार?

म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही वेगळ्या पद्धतीने गेलो. लांब नाही, जिल्ह्यातच. आपल्याकडे काय काय आहे याची यादी कार्यकर्त्यांनी एकदा करून पाहावी. वर्ध्यात जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय आहे. मगनवाडीत जिथे ग्रामोद्योग संघ होता, तिथेच आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे आणि तिचा रासायनिक उद्योगांचा स्वतंत्र विभाग आहे. सेवाग्राम आणि सावंगीला वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पाऊण-एकशे किलोमीटरवर नागपूर विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, आणि तो ज्या परिसरात आहे त्याला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव आहे. सुट्टीत या प्रयोगशाळा रिकाम्या असतात. महाविद्यालयांना मूल्यांकनासाठी विस्तारकार्य दाखवावेच लागते. आपण एक साधे पत्र घेऊन जायचे, पण त्यात 'भेट' हा शब्द लिहायचा नाही. 'प्रात्यक्षिक' लिहायचे. मुलांची संख्या वीसच्या वर नेऊ नये, चारांमागे एक टेबल, एक मोठा विद्यार्थी. हातमोजे आणि चष्म्यांचा खर्च आपण वर्गणीतून करतो म्हणून आधीच सांगायचे, काच फुटली तर तीही. पैशाचा मुद्दा आपणच काढून घेतला की नकाराला फारसे काही उरत नाही. आम्हाला तिघांनी नकार दिला, चौथ्या ठिकाणच्या एका बाईंनी 'शनिवारी या' म्हटले.

मुलांना आम्ही आपापल्या विहिरीचे, बोअरचे, नळाचे पाणी बाटलीत आणायला सांगितले होते. बाटलीवर गाव, वस्ती, तारीख. बाईंनी पाण्याचा जडपणा मोजायला शिकवले. पिपेटने पाणी घ्यायचे, बफर घालायचे, दर्शकाचे थेंब टाकले की द्राक्षाच्या रसासारखा लालसर रंग येतो, मग ब्युरेटमधून थेंब थेंब द्रावण सोडायचे, निळे झाले की थांबायचे. पहिल्या खेपेला जवळपास सगळ्यांचे पुढे गेले. बाईंनी ओतून टाकायला लावले, पुन्हा करा म्हणाल्या, दोन वाचने सारखी येईपर्यंत सोडणार नाही. एका पोराकडून शंकुपात्र फुटले. तो पांढराफटक पडला. बाईंनी झाडू आणून दिला, काच कशी गोळा करायची ते दाखवले आणि दुसरे शंकुपात्र हातात ठेवले.

'कायले' विचारणारा तो पोरगा तीनदा चुकला. चौथ्यांदा त्याने एका हाताने ब्युरेटची तोटी धरली, दुसऱ्या हाताने शंकुपात्र गोल फिरवत राहिला, शेवटचा अर्धा थेंब काचेच्या टोकावरून कडेला टिपला, आणि रंग बदलल्यावर कुणाला न विचारता वहीत आकडा लिहिला. त्याच्या वस्तीतल्या विहिरीच्या पाण्याची बाटली नायट्रेटसाठी बाईंनी फ्रिजमध्ये ठेवून घेतली आहे. रंगमापक यंत्र दुरुस्तीला गेले आहे, ते आले की पुन्हा बोलावतो म्हणाल्या. मुले दर शनिवारी मला विचारतात, फोन आला का.